लाल शेरे कोणत्या तासाला पडतात?

सहामाहीनंतरच्या पालकसभा झाल्या की माझ्याकडे पत्रांचा ढीग लागतो. गावं वेगळी, तक्रार एकच: शाळेतून सारखं बोलावणं येतं. त्यातली चार आणि एका शिक्षिकेचं, अशी पाच पत्रं इथे घेतली आहेत. शाळांमधून समुपदेशन करून माझे केस पांढरे झाले, पण पत्रावरून निदान मी आजही करत नाही.

प्रश्न: मुलगा चौथीत आहे. ‘दोन फटके द्यायची परवानगी लिहून द्या, मग बघा कसा सुधारतो,’ असं बाई म्हणतात. द्यावी का?

नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मारायलाही बंदी आहे आणि मानसिक छळालाही. तुमच्या सहीने ती उठत नाही.

प्रश्न: पाचवीतल्या मुलाने भांडणात एकाला ढकललं, त्याचा दात पडला. मुख्याध्यापक म्हणतात, दाखला घेऊन जा. पाचवीला आता नापास करतात, तसं काढूनही टाकता येतं का?

दोन गोष्टींची गल्लत होते आहे. शिक्षण हक्क कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीत नापास करता येतं, हे खरं. पण आठवीपर्यंतचं शिक्षण पूर्ण होण्याआधी मुलाला शाळेतून काढता येत नाही. कलम १६ वाचा. म्हणून तर शाळा ‘तुम्हीच अर्ज द्या’ म्हणतात. अर्ज आला की कागदोपत्री तुम्ही स्वखुशीने गेलात. तो लिहू नका. शाळेचं म्हणणं लेखी मागा आणि ते घेऊन गटशिक्षणाधिकाऱ्यांना भेटा. शहरात असाल तर महापालिकेच्या शिक्षण विभागात जा. शाळा अल्पसंख्याक संस्थेची असेल तर नियम वेगळे पडतात, ते तिथे आधी विचारून घ्या.

आणि दात पडलेल्या मुलाच्या घरी जाऊन आलात का? दोन पानी पत्रात त्याचा उल्लेख सापडला नाही.

प्रश्न: सहावीतला मुलगा फार चंचल आहे. बोटांच्या ठशांवरून मेंदूचा कल सांगणारं शिबिर शाळेनेच ठेवलंय. नऊ हजार रुपये आहेत. करून घ्यावं का?

नऊ हजार वाचवा. बोटांवरच्या रेषा जन्माआधीच ठरलेल्या असतात; मुलगा मधल्या सुट्टीत मारामारी का करतो हे त्यांना कुठून ठाऊक? याला शास्त्रीय आधार नाही, आणि शाळेच्या सभागृहात टेबल मांडलं म्हणून तो येत नाही. अतिचंचलतेचं निदान रक्त तपासूनही होत नाही. बालरोगतज्ज्ञ किंवा मनोविकारतज्ज्ञ मुलाला बघतात, घरच्यांशी आणि शिक्षकांशी बोलतात, मग ठरवतात. त्यांच्याकडे जा.

प्रश्न: मुलगा सातवीत. घरी शहाणा, बिघडलेला मिक्सर उघडून दुरुस्त करतो. पण डायरीत सारखे लाल शेरे: ‘वर्गात व्यत्यय आणतो’, ‘वही अपूर्ण’. क्लासचे सर म्हणतात, वयच असं असतं, दहावीला आपोआप सुधारेल. थांबावं का?

थांबू नका. या ‘आपोआप’वर विसंबून दहावीच्या डिसेंबरात माझ्यासमोर येऊन बसलेले पालक मोजणं मी सोडून दिलं आहे. क्लासच्या सरांना काय, फी दहावीपर्यंत येतच राहते.

आधी एक काम करा. डायरीशेजारी शाळेचं वेळापत्रक ठेवा आणि प्रत्येक शेरा कोणत्या तासाला मिळाला ते मुलाला विचारून लिहा. एका मुलाची डायरी मी अशी लावली होती. अकरा शेरे; नऊ मराठी आणि इतिहासाच्या तासाचे. चित्रकलेला एक नाही, पीटीला एक नाही. मग मराठीच्या तासाला मागच्या बाकावर जाऊन बसले. बाई ओळीने धडा वाचायला लावत होत्या, एकेकाला एक परिच्छेद. याच्यापुढे दोन मुलं उरली तेव्हा याने शेजाऱ्याची कंपासपेटी कोपराने खाली ढकलली. कर्कटक, पेन्सिली, खोडरबर सगळं बाकांखाली. वर्ग खिदळला, याची रवानगी दाराबाहेर. तिथे उभ्या असलेल्या त्या पोराचा चेहरा सुटल्यासारखा होता. नंतर मी त्याच्या हातात तिसरीचं पुस्तक दिलं. पहिलं जोडाक्षर आलं आणि त्याने विचारलं, ‘पाणी पिऊन येऊ?’

बाई ज्याला शिक्षा समजत होत्या ती त्याची रोजची सुटका होती.

तुमच्या मुलाचं हेच आहे असं मी म्हणत नाही. शेरे सगळ्या तासांना सारखे पडत असतील तर कारण दुसरं असेल, तेही तज्ज्ञाकडेच शोधायचं. पण वाचन-लेखनाच्या तासांना गर्दी दिसली, तर आधी डोळे आणि कान तपासून घ्या. हे हमखास राहून जातं. मग अध्ययन अक्षमतेची, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखन अडतं त्याची, चाचणी करा. ही अक्षमता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे आणि साधारण आठव्या वर्षापासून निदान करता येतं, म्हणजे तुमची चार वर्षं गेलीच आहेत. जादा वेळ, लेखनिक अशा बोर्डाच्या सवलतींना अधिकृत रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं. मुंबईत शीव रुग्णालयात यासाठी स्वतंत्र केंद्र आहे. तारखा लवकर मिळत नाहीत, म्हणून दिवाळी वगैरे मध्ये आणू नका. आणि प्रमाणपत्र फाइलला लावून गप्प बसू नका. वाचायला तो विशेष शिक्षिकेकडेच शिकेल.

प्रश्न: मी शिक्षिका आहे. चौथीतली एक मुलगी लिहिता लिहिता थांबते, शून्यात बघते, हाक मारली तरी ओ देत नाही. दहाएक सेकंदांनी पुन्हा लिहायला लागते. रोज उभी करते, तरी फरक नाही.

उभी करणं आजपासून बंद. फिटचा एक प्रकार असाच दिसतो. त्यात मूल पडत नाही, झटके येत नाहीत, म्हणून कुणाला शंकाही येत नाही. दिवसातून किती वेळा होतं ते टिपून ठेवा आणि पालकांना याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांकडे पाठवा. पालकांच्या परवानगीने मोबाइलवर चित्रण करता आलं तर डॉक्टरांचं काम सोपं होईल. तोवर डायरीत शेरा लिहू नका.