पाच दिवसांत पेपर छापून देणाऱ्याला पैसे द्यायचे का?

तुम्ही विचारलंय की पीएचडीचं तिसरं वर्ष चालू आहे, गाईड म्हणतात सबमिशनच्या आधी दोन पेपर लागतील, आणि व्हॉट्सॲपवर एक जण अडीच हजारांत पाच दिवसांत 'इंटरनॅशनल जर्नल'मध्ये छापून देतो म्हणतोय, तर देऊ का. नका देऊ. पाच दिवसांत रिव्ह्यू (विषयातल्या दुसऱ्या जाणकारांकडून पेपरची तपासणी) होतच नाही हो, माझा पहिला पेपर संपादकाने नुसता वरवर चाळून परत पाठवला त्यालाच अकरा दिवस लागले होते.

आधी एक काम करा, युनिव्हर्सिटीचा सध्याचा नियम स्वतः वाचा. यूजीसीने नोव्हेंबर 2022 च्या रेग्युलेशनमध्ये थिसिसआधी पेपर छापण्याची सक्ती काढून टाकलीय, पण युनिव्हर्सिटी स्वतःची अट ठेवू शकते, त्यामुळे गाईड म्हणतात ते खरंही असेल किंवा 2016 च्या नियमाची सवय असेल. पीएचडी सेक्शनमधून लेखी घ्या, क्लार्कच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका.

आणि तो माणूस 'यूजीसी केअर लिस्टेड' (म्हणजे यूजीसीच्या मान्य जर्नल्सच्या यादीतलं) म्हणत असेल तर हसून सोडून द्या, ती यादी बंद केल्याचं यूजीसीनेच फेब्रुवारी 2025 मध्ये जाहीर केलंय. यादी होती तेव्हाही चांगल्या जर्नलच्या नावाची हुबेहूब खोटी वेबसाईट काढून लोक पैसे उकळायचेच. आयएसएसएन नंबर आहे म्हणून दाखवतील, तो म्हणजे गाडीची नंबरप्लेट, गाडी कशी चालते ते त्यावरून कळत नाही. 'स्कोपस इंडेक्स्ड' (स्कोपस या मोठ्या रिसर्च डेटाबेसमध्ये असलेलं) म्हटलं तर स्कोपसच्या सोर्सेस पेजवर फुकटात शोधता येतं, तिथे कव्हरेज कुठल्या सालापर्यंत आहे ते जरूर बघा, कारण काढून टाकलेली जर्नल्स जुन्याच नावावर धंदा करत असतात.

मग पाठवायचं कुठे? तुमच्याच थिसिसची रेफरन्स लिस्ट उघडा. ज्या जर्नलचे पेपर तुम्ही चार-पाच वेळा वापरलेत तेच तुमचं जर्नल, तुमच्या विषयावर बोलणारी माणसं तिथेच बसलीयत. फीला घाबरू नका, बऱ्याच मोठ्या प्रकाशकांची जर्नल्स हायब्रिड असतात, त्यात ओपन ॲक्सेस (लेखकाने पैसे भरायचे, वाचकाला फुकट) न घेता सबस्क्रिप्शनचा (वाचणाऱ्याने पैसे भरायचे) पर्याय निवडला की सहसा एक रुपया लागत नाही. हे मला दुसऱ्या वर्षापर्यंत कुणी सांगितलंच नव्हतं, मी आपली फेलोशिपमधून पैसे साठवत बसले होते. एकच पेपर एका वेळी दोन ठिकाणी मात्र पाठवू नका, दोन्हीकडून जाल.

आता खरी गोष्ट. माझं काम एका तालुक्यातल्या 42 विहिरींच्या पाण्यातल्या नायट्रेटवर होतं. दुसऱ्या जर्नलकडून साडेचार महिन्यांनी रिव्ह्यू आले, पहिल्या रिव्ह्यूअरला सगळं छान वाटलं, दुसऱ्याने एकच ओळ खरमरीत लिहिली की कॅटायन-ॲनायनचा चार्ज बॅलन्स (पाण्यातल्या धन आणि ऋण आयनांचा हिशोब जुळतो का ते) कुठंय. मला राग आला, गाईडसमोर रडलेसुद्धा. मग एक्सेल उघडून काढला तर सात सॅम्पलमधला फरक पाच टक्क्यांच्या बाहेर, एक तर चौदावर. शोधता शोधता कळलं की बायकार्बोनेटचं (हाही त्या हिशोबातला एक ॲनायन) टायट्रेशन विहिरीवरच उरकायला हवं होतं आणि मी कॅन रूमवर आणून दोन-दोन दिवसांनी करत होते. ते सात आकडे काढले, का काढले ते पेपरात सरळ लिहिलं, आणि पुढच्या सीझनला टायट्रेशनची नळी लावायचा ब्युरेट-स्टँड घेऊन एसटीने गेले (कंडक्टरने विचारलं, ताई, सलाईन कुणाला लावायचंय?). व्हायवाला बाहेरून आलेल्या सरांचा पहिलाच प्रश्न चार्ज बॅलन्स. अडीच हजारवाल्याकडे दिला असता तर ती चूक तशीच थिसिसमध्ये गेली असती आणि त्या खुर्चीत मी काय बोलले असते देव जाणे.

रिव्हिजन आली की उत्तराचं पत्र नीट लिहा. रिव्ह्यूअरचा प्रत्येक मुद्दा जसाच्या तसा उतरवा, खाली तुमचं उत्तर, आणि बदल कुठल्या पानावर, कुठल्या ओळीत ते. एखादा मुद्दा पटला नाही तर कारण देऊन तसं म्हणा, चालतं, फक्त मेल आल्या दिवशी उत्तर टाईप करायला बसू नका.

लेखकांच्या नावांचा क्रम पेपर लिहायच्या आधी ठरवून घ्या. आमच्या विभागात छापून आल्यावर यावरून दोन वर्षं अबोला झालेला बघितलाय, एकाच लॅबमध्ये, एकाच फ्रीजमध्ये सॅम्पल ठेवून.

माझा तो पेपर पहिल्या सबमिशनपासून छापून यायला चौदा महिने लागले. म्हणजे तुम्ही या महिन्यातच एक पाठवायला हवा, पूर्ण थिसिस होईपर्यंत थांबू नका, ज्या चॅप्टरचा डेटा हातात आहे त्याचाच करा. दुसरा पेपर म्हणून रिव्ह्यू पेपर (आधीच्या संशोधनाचा आढावा) करायचा विचार असेल तर आधी गाईडना विचारा तो मोजणार का, काही ठिकाणी मोजत नाहीत. विषय कुठला ते सांगितलंत आणि सगळ्यात जास्त वापरलेली पाच जर्नल्स इथे लिहिलीत तर कुठलं आधी धरायचं ते बघू.