हर्णैच्या होड्या टाईट होतात, त्याबद्दल

तुम्ही लिहिलंय की सकाळी हर्णै बंदरात तीन तास बसून होड्यांची दोरी न् दोरी काढली, आणि पुण्यात येऊन पाहिलं तर जलरंगातलं चित्र टाईट, म्हणजे बारकाव्यांनी आखडलेलं. आता हात मोकळा कसा करायचा? मला अडचण हातात नाही, सकाळच्या उन्हात वाटते. आपल्या किनाऱ्यावर सकाळी ऊन पाठीमागून येतं. फळी न् फळी लख्ख दिसते, आणि दिसली की काढावीशी वाटतेच. तिथेच संध्याकाळी पाचनंतर बसा. सूर्य समुद्राच्या बाजूला, समोरचा सुवर्णदुर्ग किल्ला म्हणजे निळसर पट्टा आणि वीस होड्यांचा मिळून एकच गडद आकार. डोळे किलकिले करा, उरलेसुरले बारकावेही जातील. तो आकार अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना तपकिरी मिसळून, एक इंची फ्लॅट ब्रशने एका दमात भरायचा.

दुसरं, हवा. एप्रिलमध्ये पर्वतीवर वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, बघता बघता वाळतो, म्हणून आपल्याला थरावर थर चढवायची सवय लागते. समुद्रावर दमट हवेत तोच कागद बराच वेळ ओला राहतो. सुरुवातीला मी वैतागून तो गाडीच्या बॉनेटवर वाळवायचे. आता त्या ओलाव्याचीच वाट बघते. ओल्या वाळूचा वॉश टाकून थांबायचं. पाण्याची चमक जाऊन कागद नुसता सादळलेला दिसला, की दाट रंगाने होडीचं प्रतिबिंब उभ्या फटकाऱ्यांत सोडायचं. कडा आपोआप पसरतात. त्यानंतर ब्रश लावायचा नाही, अजिबात नाही! माझी सगळ्यात जास्त चित्रं याच क्षणी, ‘जरा नीट करू’ म्हणताना गेली.

रिगर या लांब, बारीक केसांच्या ब्रशला नावच मुळी जहाजांच्या दोरखंडांवरून मिळालंय, तरी तो शेवटच्या पाच मिनिटांपर्यंत पिशवीत राहू दे. तीन-चार दोऱ्या पुरतात, त्याही तुटक.

इंग्लिश निसर्गचित्रकार जॉन कॉन्स्टेबलने १८२४ पासून इंग्लंडमधल्या ब्रायटनच्या किनाऱ्यावर केलेली छोटी तैलस्केचेस जरूर पाहा. रंगपेटीच्या झाकणात कागद लावून तो ती करायचा. एकात समुद्रावरची पावसाची सर नुसत्या काळ्या फटकाऱ्यांत उतरली आहे, आणि ती खरी वाटते.

दर आठवड्याला दापोली-हर्णै कुठलं जमायला! संध्याकाळी खडकवासल्याला जा. पाव शीट, ३०० जीएसएमचा (जाड) कागद, मोबाईलवर वीस मिनिटांचा गजर, आणि एकच देखावा लागोपाठ तीनदा. माझं तरी तिसरं चित्रच बहुतेक वेळा जमतं.