अक्कांना विचारा : त्यांची सुट्टी गुरुवारी, माझी रविवारी

प्रश्न : ती. अक्का, सा. न. लग्नाला तीन वर्षं झाली. हे अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात डिस्पॅचला आहेत, मी एका दवाखान्यात काउंटरला बसते. दोघांचे मिळून ३४ हजार येतात, त्यातले साडेआठ घराच्या हप्त्याला जातात. त्यांची सुट्टी गुरुवारी, माझी रविवारी. मला गाण्याची आवड, त्यांना क्रिकेटची. मागच्या वर्षी पुण्याला एका गाण्याच्या कार्यक्रमाला गेलो. तिकिटं, रेल्वे, रिक्षा, लॉज धरून ६,३०० रुपये गेले आणि परतीच्या गाडीत त्यावरूनच भांडण झालं. तेव्हापासून कुठंच गेलो नाही. मी विषय काढला की हे म्हणतात, "सोलापुरात आहे काय बघायला?" महिन्याला १,२०० च्या वर काढता येत नाहीत. तेवढ्यात काय होईल? — एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : बाराशे पुष्कळ झाले की गं. आमच्या ह्यांची मिल बंद पडली तेव्हा पोस्टातल्या माझ्या एकटीच्या पगारावर पाच माणसं होती. 'बाहेर' म्हणून मी महिन्याला ६० रुपये चहापत्तीच्या रिकाम्या डब्यात टाकायची. त्या साठांत आम्ही जेवढं हिंडलो, तेवढं पेन्शन सुरू झाल्यावरही हिंडलो नाही.

तुझ्या नवऱ्याचं वाक्य आधी घेते. "सोलापुरात आहे काय" असं म्हणणारा माणूस बहुतेक वेळा कालच्या कार्यक्रमाचा फोटो आजच्या पेपरात बघत असतो. इथं पुष्कळ काही होतं, आपल्याला ते झाल्यावर कळतं, एवढीच अडचण. म्हणून सकाळी पेपर हातात आला की पुढाऱ्यांचे वाढदिवस ओलांडून शहरातल्या कार्यक्रमांची बारीक अक्षरातली चौकट आधी वाचायची. पार्क चौकातून जाताना गाडी दोन मिनिटं थांबवून हुतात्मा स्मृती मंदिराच्या बाहेरचे फलक वाचायचे. आणि हिराचंद नेमचंद वाचनालयात महिन्यातून एकदा डोकावून, आपल्या ॲम्फी थिएटरला आणि फडकुले सभागृहात काय आहे, एवढं विचारून यायचं. आमचे हे तर कॅलेंडरवर दूधवाल्याच्या खाड्यांशेजारीच लिहून ठेवतात. परवा एका चौकोनात 'दूध नाही, भजन आहे' असं लिहिलं होतं.

आता नाटकांचं. नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमाराला हौशी राज्य नाट्य स्पर्धेची सोलापूर केंद्राची फेरी असते. रोज संध्याकाळी एक नवं नाटक, आणि तिकीट अगदी नावापुरतं. गेल्या खेपेला आम्ही दोघांचे मिळून ३० रुपये दिले. तेवढ्यात चौपाटीवर एक भेळसुद्धा येत नाही. सगळी नाटकं चांगली असतात असं मी म्हणणार नाही. एका वर्षी एका संस्थेचा दिव्यावरचा पोरगा अंधार करायचाच विसरला आणि मेलेला नायक लख्ख उजेडात पडून राहिला. शेवटी तोच उठला, लोकांना नमस्कार केला आणि आत गेला. टाळ्या त्यालाच जास्त पडल्या. पण अशातच एखादं नाटक असं निघतं की घरी येईपर्यंत दोघंही बोलत नाही. अतुल कुलकर्णी इथल्याच 'नाट्य आराधना' या हौशी संस्थेतून पुढं गेले. तुला ३० रुपयांत उद्याचा कोण दिसेल, सांगता येत नाही.

गाण्यासाठी पुण्याला जायचं कारण नाही. प्रिसिजन फाउंडेशनचा संगीत महोत्सव इथं होतो आणि मोठे मोठे कलाकार येऊन गातात. त्याच्या तारखांवर डोळा ठेव. दिवाळी पहाट, एखाद्या गुरूच्या स्मृतीची बैठक, असं वर्षभर चालूच असतं. यातल्या बऱ्याच ठिकाणी सतरंजी टाकलेली असते आणि कोणी तिकीट विचारत नाही. फक्त वेळेच्या आधी पोच. उशिरा जाऊन पुढच्या रांगेत घुसणाऱ्या जोडप्यांचा मला फार राग येतो.

इथं आमच्या ह्यांचं एक सांगते, कारण तुझ्या नवऱ्याशी त्याचा संबंध आहे. ह्यांनी २२ वर्षं मिलमध्ये लूमवर काढली. त्या खडखडाटात माणसाच्या कानाचं काय होतं ते सोलापूरकरांना सांगायला नको. पहिल्यांदा मी त्यांना गाण्याला नेलं तेव्हा ते तासभर नुसते छताकडं बघत बसले. मला वाटलं, कंटाळलेत. बाहेर आल्यावर म्हणाले, "ती बाई गाताना दिसत होती, ऐकू तबलाच येत होता." तानपुरा त्यांना आजही ऐकू येत नाही. मग आम्ही तबल्याच्या बाजूला पुढं बसायला लागलो. आता ते समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, मान हलवून दाद देतात, कधीकधी माझ्या आधी. तुझ्या नवऱ्याला गाण्यातलं काय आवडेल ते तुला ठाऊक नाही, त्यालाही नाही. चार-पाच वेळा नेऊन बघ. आणि त्याच्या क्रिकेटला तूही तेवढ्याच वेळा जा.

क्रिकेट म्हणजे टीव्हीवरचंच असं धरून बसू नका. २०२४ च्या जानेवारीत महाराष्ट्र आणि मणिपूरचा रणजी सामना आपल्या पार्क स्टेडियमवर, म्हणजे इंदिरा गांधी स्टेडियमवर झाला. आम्ही दोन दिवस गेलो. आम्हाला कोणी तिकीट विचारलं नाही. ऊन चढल्यावर ह्यांनी डोक्याला टॉवेल गुंडाळला, मी कडक भाकरी आणि शेंगा चटणी काढली, आणि शेजारच्या तीन कॉलेजच्या पोरांनी ती आमच्याआधी संपवली. चार दिवसांचा सामना असतो, तुमच्या दोन वेगळ्या सुट्ट्यांपैकी एक तरी त्यात बसायचा संभव आहे. रणजी रोज येत नाही हे खरं. पण पार्कवर स्थानिक सामने होतच असतात, आणि बॉल बॅटवर बसल्याचा आवाज टीव्हीवर येतो तसा मुळीच नसतो.

माझं स्वतःचं मत विचारशील तर क्रिकेटपेक्षा खो-खो बघा. शाळांच्या मैदानांवर स्पर्धा होतात, संध्याकाळी दिव्यांच्या उजेडात असल्या तर फारच छान. सिमेंटच्या पायरीवर बसायचं, पैसे शून्य. तुला खेळ माहीत नसेल तर एवढंच लक्षात ठेव : पाठलाग करणारे आठ जण एकाआड एक उलट्या तोंडानं बसलेले असतात, नववा बचाव करणाऱ्यांच्या मागं धावत असतो. बचाव करणाऱ्याला बसलेल्यांच्या मधून कुठूनही शिरता येतं, पाठलाग करणाऱ्याला मात्र मधून जाता येत नाही आणि एकदा दिशा धरली की मागं फिरता येत नाही. सगळी गंमत त्या एका बंधनात आहे. बचाव करणारे तिघं तिघं मैदानात येतात. त्यातला एखादा बारका पोरगा तीन-तीन मिनिटं हुलकावण्या देत राहतो तेव्हा सगळं मैदान उभं राहतं. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, पुरुषांचा आणि बायकांचा दोन्ही आपणच जिंकलो. त्यानंतर आमच्या गल्लीतल्या पोरींनाही बसायला मैदान पुरत नाही.

किल्ल्याचं आणि स्मारकाचं तू लिहिलेलं नाहीस, पण तेही सांगते, कारण तिथं खर्च अगदी कमी आणि बोलायला विषय सगळ्यात जास्त. भुईकोट किल्ल्यात आम्ही माणशी २५ रुपये दिले. सोलापूरकर त्याच्या शेजारच्या बागेत शंभर वेळा जातो आणि आत एकदाही नाही. तुम्ही हिवाळ्यात सकाळी जा. आत फिरताना नवऱ्याला ही गोष्ट सांग : १५२४ मध्ये विजापूरच्या इस्माईल आदिलशहाची बहीण मरियम नगरच्या बुऱ्हाण निजामशहाला दिली. तेव्हा सोलापूर आंदण द्यायचं ठरलं होतं. लग्न लागलं, किल्ला काही दिला नाही. त्यावरून दोन्ही घराणी वर्षानुवर्षं लढत राहिली. पुढं निजामशाहीतली चांदबिबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली तेव्हा आंदणात पुन्हा हाच किल्ला. व्याह्यांचं भांडण आणि त्यात एवढ्या भिंती! पुण्याच्या गाडीतलं तुमचं भांडण त्यापुढं काहीच नाही.

दुसरं ठिकाण भैया चौकातलं डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक. १९१० मध्ये ते इथंच जन्मले. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांचं पथक चीनला गेलं, त्यात ते होते. तिथं जखमी सैनिकांची ऑपरेशनं करता करता ते तिकडचेच झाले. ग्वो छिंगलान या परिचर्या शिकवणाऱ्या बाईंशी त्यांनी लग्न केलं. मुलगा झाला, त्याचं नाव यिनहुआ, म्हणजे भारत आणि चीन दोन्ही एका नावात. बाळ चार महिन्यांचंही झालं नव्हतं आणि ९ डिसेंबर १९४२ ला डॉक्टर गेले, वय ३२. त्या बाई पुढं कितीदा तरी भारतात सासरी येऊन गेल्या. मी तिथल्या फोटोंसमोर उभी राहिले की नेहमी त्यांचाच विचार करते, डॉक्टरांचा नंतर. तुझा नवरा तिथं अर्धा तास गप्प उभा राहिला तर त्याला हलवू नकोस.

आता सुट्टीचा घोळ. तुम्ही दोघं पूर्ण दिवसाची वाट बघताय आणि तो दिवस येत नाही. मी सांगितलेल्या निम्म्याहून जास्त गोष्टी संध्याकाळच्या आहेत. गुरुवारी ते घरी असतात, तर तुझ्या दवाखान्यापाशी सहाला येऊन उभं राहायचं काम त्यांचं. घरी जाऊन पुन्हा निघायचं नाही. घरी गेलं की कुकर लागतो आणि कुकर लागला की कार्यक्रम गेला. रविवारी त्यांची पाळी सुटली की कारखान्याच्या गेटशी तू. नाटक ३०, दोन भेळ ८०, पेट्रोल ५०, म्हणजे १६० रुपयांत एक संध्याकाळ. महिन्यात अशा चार केल्या तरी ६४० होतात. उरलेले डब्यात राहू देत. वर्षभरात पुण्याच्या एका चांगल्या मैफलीचे होतील, आणि तेव्हा भांडण होणार नाही, कारण पैसे आधीच 'गेलेले' असतील.

प्रश्न : अक्का, मी ६७ वर्षांचा, पत्नी ६१. दर महिन्याला अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला जातो, तेवढंच आमचं फिरणं. त्यात आणखी काही जोडता येईल का? — एक वाचक, मुरारजी पेठ

उत्तर : भाऊ, एसटीत तुम्हाला ज्येष्ठ म्हणून अर्धं तिकीट आणि वहिनींना महिला म्हणून अर्धं. दोघं मिळून एका तिकिटात जाताय, म्हणजे सरकारनं तुम्हाला फिरायलाच सांगितलंय. अक्कलकोटला दर्शन झालं की लगेच परतीची गाडी धरू नका. राजवाड्यातलं जुन्या शस्त्रांचं संग्रहालय बघा. तलवारी बघून वहिनींना कंटाळा आला तर त्यांना बाहेर सावलीत बसवा आणि तुम्ही एक चक्कर मारून या.

एखाद्या महिन्यात मात्र अक्कलकोट सोडून हत्तरसंग कुडलला जा, भीमा-सीनेच्या संगमावर. तिथं एसटीच्या भरवशावर राहू नका. शेजारच्या एखाद्या जोडप्याला घेऊन चौघांत गाडी करा. देवळात शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी शिलालेख आहे. जो हे वाचील तो विजयी होईल, अशा अर्थाची ओळ त्यात आहे. हजार वर्षांपूर्वी कोणीतरी आपल्याच भाषेत, आपल्याच जिल्ह्यात ही ओळ कोरली. चष्मा न्यायला विसरू नका. मी विसरले होते, आणि ह्यांनी वाचून दाखवलं ते खरं की मनचं, हे मला अजून कळलेलं नाही. शेजारीच ३५९ मुखं कोरलेलं शिवलिंग आहे. वहिनी मोजायला बसतील, बसू द्या.

प्रश्न : अक्का, नवीन लग्न झालंय. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या गर्दीत नवऱ्याचा हात धरून चाललं तर चालेल का? सासूबाई बरोबर असतात. — एक वाचक, बाळीवेस

उत्तर : धर की. सगळी यात्राच मुळी सिद्धेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येच्या लग्नाची. संमती कट्ट्यावर अक्षता टाकायला अख्खं गाव येतं, तिथं तुमच्या दोघांच्या हाताकडं कोण बघतंय? दुसरा हात सासूबाईंचा धर. होम मैदानावर शोभेचं दारूकाम सुरू झालं की गर्दी एकदम पुढं सरकते, आणि त्यात सासूबाई हरवल्या तर माईकवरून तुझंच नाव पुकारतील.