नसलेल्या पत्त्यांचे मेल दारातच अडवा

प्रश्न : आमच्या पतसंस्थेचा मेल आधी पोस्टफिक्स या मेल सर्व्हर सॉफ्टवेअरच्या गेटवेवर येतो, मग आतल्या सर्व्हरवर जातो. हल्ली क्यूमध्ये (पाठवायच्या मेलच्या रांगेत) मेलर-डीमनच्या, म्हणजे 'मेल पोचला नाही' असं कळवणाऱ्या मेलचा ढीग पडतोय, सगळे अनोळखी लोकांना निघालेले, आणि आता आयपी ब्लॅकलिस्टला गेलाय. व्हायरस स्कॅनमध्ये काही सापडलं नाही. काय करावं?

उत्तर : व्हायरस नाहीये हो, तुमचा गेटवे येईल तो मेल आत घेतोय. स्पॅमवाले तुमच्या डोमेनवर अंदाजे नावं टाकून मेल मारतात, आत कोण आहे कोण नाही हे गेटवेला ठाऊकच नाही म्हणून तो घेतो, मग आतला सर्व्हर म्हणतो असा कुणी नाही, तोवर मेल घेऊन झालेला असतो त्यामुळे गेटवे बाउन्स, म्हणजे तोच मेलर-डीमनचा निरोप, पाठवतो, आणि फ्रॉमचा पत्ता तर खोटा! म्हणजे काही संबंध नसलेल्या माणसाला तुमचा कचरा. यालाच बॅकस्कॅटर म्हणतात, आणि त्याने तुम्हाला स्पॅम ठरवलं तर त्याचं काय चुकलं?

पतसंस्थेत पत्ते मोजकेच असणार, तेव्हा सरळ त्यांची यादी करून 'रिले_रेसिपियंट_मॅप्स'ला द्या. ही सेटिंग डिफॉल्टला रिकामी असते आणि रिकामी असली की रिले डोमेनचा (गेटवे ज्याचा मेल आत पुढे पाठवतो त्या डोमेनचा) कुठलाही पत्ता चालतो, सगळं दुखणं तिथेच आहे. माझं मत विचाराल तर यादीच बरी.

यादी सांभाळणं जमणार नसेल तर 'रिजेक्ट_अनव्हेरिफाइड_रेसिपियंट' लावा, पण 'रिजेक्ट_अनऑथ_डेस्टिनेशन' या परक्या डोमेनचा मेल नाकारणाऱ्या नियमाच्या खाली. मग पोस्टफिक्स आतल्या सर्व्हरला आरसीपीटी टू (या पत्त्याचा मेल घेशील का, असं विचारणारी आज्ञा) देऊन उत्तर ऐकतो आणि क्विट करतो, मेल काही जात नाही; यालाच प्रोब म्हणतात. उत्तर कॅशमध्ये राहतं, डिफॉल्टला होकार 31 दिवस, नकार 3 दिवस, पण नकार 3 तासांनंतर परत तपासला जातो त्यामुळे नवीन जॉइन झालेला माणूस फार अडकत नाही.

त्याआधी एक करा, गेटवेवरून आतल्या सर्व्हरच्या पोर्ट 25 ला टेलनेट मारा आणि हेलो, मेल फ्रॉम झालं की काहीतरी भलतंच नाव घालून आरसीपीटी टू द्या. 550 (कायमचा नकार) आलं तर उत्तम. 250 (होकार) आलं तर तिथे कॅच-ऑल (कुठलाही पत्ता स्वीकारणारी सोय) आहे किंवा तो पत्ता उशिरा तपासतो, मग प्रोबचा काडीचा उपयोग नाही, आधी तिकडचं नीट करा.

प्रोब लावलात तर सुरुवातीला त्याचा रिजेक्ट कोड डिफॉल्टचा 450 (तात्पुरता नकार) च ठेवा, म्हणजे काही गडबड झाली तरी समोरचा सर्व्हर परत प्रयत्न करतो. थोडे दिवस लॉग बघा, खरे पत्ते अडत नाहीत अशी खात्री पटली की 550 करा. ब्लॅकलिस्टवाल्यांना अर्ज मात्र हे सगळं झाल्यावर आणि क्यूमधले जुने बाउन्स साफ केल्यावरच करा, नाहीतर लगेच परत लिस्टमध्ये जाल.