रजिस्ट्रेशन एजंटवर सोडू नका, आणि मधला एक दिवस मोकळा ठेवा

दादा, तुमची पोस्ट वाचली आणि सरळ २०२३ चा मे आठवला. तुम्ही आई-बाबांना घेऊन चारधामातल्या यमुनोत्रीला निघालाय, एजंट म्हणतोय "रजिस्ट्रेशनचं आमच्यावर सोडा", आणि प्लॅनमध्ये एक दिवस पण रिकामा नाही. सेम टू सेम आमचाच प्लॅन हो. फक्त आमचा एजंट कोल्हापुरातल्या शाहूपुरीतला होता, तुमचा कुठला असेल तो असो.

गाडी, हॉटेल, स्वेटर वगैरे तुम्ही बघालच. मी फक्त आमची जिथं वाट लागली तेवढंच सांगतो.

यात्रेचं रजिस्ट्रेशन प्रत्येक धामाचं तारखेप्रमाणं होतं. आमच्या एजंटनं स्वतःच्या मोबाईल नंबरवरून सगळ्यांचं केलं आणि यमुनोत्रीची तारीख दोन दिवस पुढची टाकली. मी व्हॉट्सअॅपवर आलेली पीडीएफ उघडून क्यूआर कोड आहे एवढंच बघितलं, तारीख वाचलीच नाही. चूक माझीच, एजंटला शिव्या नंतर दिल्या. यमुनोत्रीच्या वाटेवर बडकोट गाव लागतं, त्याच्या अलीकडं गाडी अडवली. एका ऑफिसात गेलो (नाव घेत नाही, उगाच कशाला), तिथला माणूस म्हणाला तारीख बदलायची तर ज्या नंबरवरून केलंय त्याचा ओटीपी लागेल. ओटीपी कोल्हापुरात, एजंट कुणाच्या तरी लग्नात, फोन बंद. बरं, नवीन रजिस्ट्रेशन करून द्या म्हटलं तर "सर्वर डाऊन है, सुबह आइए". सकाळी सातला गेलो तर साहेब दहाला आले, दहाला आलेले साहेब म्हणाले हे आमच्याकडं नाही पलीकडच्या खिडकीत, आणि पलीकडची खिडकी जेवणाला बंद. दुपारी तीनला काम झालं, पाच मिनिटांचं. आपल्याकडं सातबाऱ्याला हेलपाटे घातलेत म्हणून मला सवय होती, पण बाबा पायरीवर बसून होते ते बघवत नव्हतं.

आता खरं नुकसान ऐका. तो गेलेला दिवस म्हणजे चढाच्या पायथ्याला जानकीचट्टीत मुक्काम करून अंगाला उंचीवरची हवा लागू द्यायचा दिवस होता. पुढची बुकिंगं आवळलेली, म्हणून पहाटे चारला बडकोट सोडलं आणि त्याच दिवशी थेट वर. बडकोट बाराशे मीटरच्या आसपास, देऊळ जवळजवळ ३,३०० मीटरवर. आपलं कोल्हापूर साडेपाचशेच्या पुढं-मागं. जानकीचट्टीपासून चढ पाच-सहा किलोमीटरचाच, त्यामुळं बाबा ६८ व्या वर्षी म्हणाले "पन्हाळा चढलोय, घोडं कशाला?" दोन-तीन किलोमीटरवर डोकं धरून बसले, उलटी झाली, ओठ काळपट दिसायला लागले. कंडी (माणूस पाठीवर नेतो ती टोपली) करून त्यांना खाली पाठवलं, भाऊ सोबत गेला. देऊळ फार लांब नव्हतं. मी आणि आई वर गेलो. दिव्य शिळेची पूजा केली, सूर्यकुंडाच्या उकळत्या पाण्यात कापडाच्या पुरचुंडीत तांदूळ-बटाटे शिजवले, आईनं निम्मा प्रसाद बाबांसाठी पदरात बांधून आणला. आई रस्ताभर एक शब्द बोलली नाही.

म्हणून माझं मत (मी डॉक्टर नाही, बीपीच्या गोळ्या आणि उंचीचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा, प्रत्येकाचं अंग वेगळं): रजिस्ट्रेशन घरात बसून स्वतःच्या नंबरवरून करा, आणि तो नंबर चालू असलेला फोन प्रवासात तुमच्याच खिशात पाहिजे. जानकीचट्टीला एक रात्र काढाच. एजंट म्हणेल "वाया जातोय दिवस", जाऊ दे. आणि वडीलधाऱ्यांसाठी घोडा किंवा पालखी खालच्या प्रीपेड काउंटरवरूनच ठरवा, अर्ध्या वाटेत भाव बघायची सोय राहत नाही. आमच्या बाबांसारखे "चालतो की" म्हणणारे असतील तर पैसे भरून टाका आणि मग सांगा, वाया जातील म्हटलं की बसतात.

अजून एक, चामडी कोल्हापुरी घालून चढू नका. हसू नका, आमच्यातल्या एकानं घातली होती. ओला दगड, वर घोड्याची लीद, त्याचा गुडघा अजून दुखतोय.

मे-जून सोडता येत असेल तर सप्टेंबर शेवट किंवा ऑक्टोबर बघा, पाऊस ओसरलेला असतो. भाऊबीजेला कपाट, म्हणजे देवळाची दारं, हिवाळ्यापुरती बंद होतात, हिशोब त्याच्या आतला धरा. पावसाळ्यात मात्र नको, दरडी येतात.

आणि समजा बाबांना चढणं जमलंच नाही तर तोंड पाडून घेऊ नका. जानकीचट्टीच्या जवळच खरसाली गाव आहे, हिवाळ्यात यमुनेची मूर्ती तिथंच असते आणि शनीचं जुनं लाकडी-दगडी देऊळ आहे. शनी म्हणजे यमुनेचा भाऊच की. आम्ही परत आलो तेव्हा बाबा भावाबरोबर ते बघून आलेले, मला म्हणाले "बहिणीला नाही भेटलो, भावाला भेटलो." तो भात मात्र त्यांनी कुणाला दिला नाही, एकट्यानं संपवला.

रजिस्ट्रेशन झालं की तारखा इथं टाका, बघून सांगतो. मोबाईल आणि आधार नंबर झाकून टाका फक्त.