जर्मनीतल्या कोबुर्ग शहराच्या मानचिन्हावर कृष्णवर्णीय माणसाचं डोकं का आहे? ते गुलामाचं आहे का? आणि शहराचा झेंडा कसा आहे?

नाही, गुलामाचं नाही. पिवळ्या ढालीवरचं, कानात सोन्याची बाळी घातलेलं ते डोकं संत मॉरिसचं आहे. कोबुर्गचा तो रक्षक संत, आणि गावातलं जुनं मोठं चर्चही त्याच्याच नावाचं.

आख्यायिका अशी, की मॉरिस हा इजिप्तमधल्या थीब्जकडच्या रोमन तुकडीचा सेनानी. ख्रिस्ती असल्यामुळे त्याने सम्राटाचा हुकूम मानला नाही, आणि तिसऱ्या शतकाच्या अखेरीस आजच्या स्वित्झर्लंडमध्ये तो आपल्या तुकडीसह मारला गेला. यात इतिहास किती, यावर अभ्यासकांचा वाद आहे. पण जर्मनीतल्याच मागडेबुर्ग शहराच्या कॅथीड्रलमधला तेराव्या शतकातला त्याचा पुतळा पाहा: चिलखत घातलेला, चेहरा स्पष्टपणे आफ्रिकी, आणि रुबाब पक्क्या सरदाराचा. मला जास्त नवल याचं वाटतं, की कोबुर्ग पुढे प्रोटेस्टंट, म्हणजे संतांची पूजा न मानणाऱ्या ख्रिस्ती पंथाचं, झालं. 1530 साली त्या पंथाचा प्रवर्तक खुद्द मार्टिन लूथर तिथल्या किल्ल्यात मुक्कामाला होता आणि मॉरिसच्या चर्चमध्ये प्रवचनंही देत होता. संतांची पूजा गेली, हे डोकं मात्र राहिलं.

झेंड्याबद्दलही तुम्ही विचारलंय. जर्मन शहरांचे झेंडे बहुधा ढालीवरच्याच रंगांचे असतात, आणि कोबुर्गचे रंग काळा-पिवळा. पण या गावात झेंड्याची एक वाईट गोष्टही घडली आहे. 1929 मध्ये नाझींना नगरपरिषदेत स्पष्ट बहुमत मिळालं ते इथे, जर्मनीत सर्वांत आधी. जानेवारी 1931 मध्ये, म्हणजे हिटलर चान्सेलर होण्याच्या दोन वर्षं आधी, नगरभवनावर स्वस्तिकाचा झेंडा चढला. आफ्रिकी चेहरा शहराचं चिन्ह असणं त्यांना कसं रुचणार? 1934 मध्ये तो काढून तलवार आणली, मुठीवर स्वस्तिक. 1945 मध्ये नाझी गेले आणि मॉरिस परत आला.

2020 साली हे चिन्ह वर्णद्वेषी आहे म्हणून बदलण्याची ऑनलाइन याचिका निघाली, लगेच विरोधातही निघाली. चिन्ह राहिलं. माझं मत विचाराल तर डोकं राहू द्यावं, पण जाड ओठ आणि बाळी ही रेखाटण्याची जुनी तऱ्हा खटकते, हे म्हणणारे चूक नाहीत. नाझींनी काढलं होतं म्हणून चित्र आपोआप निर्दोष ठरत नाही. मागडेबुर्गच्या त्या चेहऱ्यावरून कुणी नव्याने काढलं तर मला आवडेल.

तिथे गेलात तर नगरभवनाच्या माथ्यावर मॉरिसचा पुतळा दिसेल. त्याच्या हातातल्या दंडाएवढीच इथली ब्राटवुर्स्ट, म्हणजे भाजलेली सॉसेज, लांब हवी असं गावकरी सांगतात. आणि डोक्यावर मुकुट असलेला असाच चेहरा कुठे दिसला तर तो कोबुर्गचा नव्हे, फ्रायसिंग या दुसऱ्या जर्मन शहराचा. पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या मानचिन्हात होता तो हाच.