वाचकांचे प्रश्न : टर्बो बाइक, तिचं ऑइल आणि तिची उष्णता

प्रश्न : माझी टर्बो बाइक रात्रभर उभी राहिली की सकाळी सुरू करताना निळा धूर सोडते. पाचेक मिनिटांत धूर थांबतो. मेकॅनिक म्हणतात, टर्बो गेला, बदला. बदलू का?

उत्तर : इतक्यात नको. टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या वायूवर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा. त्याच्या शाफ्टवर रबरी सील नसतं. पिस्टन रिंगसारखी धातूची बारीक कडी असते आणि साचलेलं ऑइल अडवणं तिला जमत नाही. वरून आलेलं ऑइल खाली सहज निघून गेलं, तरच टर्बो कोरडा राहतो. सकाळपुरता धूर असेल, तर बहुतेक वेळा रात्री ऑइल टर्बोत झिरपून साचलेलं असतं.

आधी आठवडाभर गाडी मधल्या स्टँडवर लावून पाहा. साइड स्टँडवर कलल्यामुळेही खालच्या बाजूच्या सिलिंडरात ऑइल उतरतं. धूर तरीही राहिला, तर टर्बोच्या पुढचा सायलेन्सरचा पाइप काढा आणि बॅटरीच्या उजेडात टर्बाइनच्या (एक्झॉस्टकडच्या पंख्याच्या) तोंडाशी बोट फिरवा. तिथे ओलं ऑइल आणि सिलिंडर हेडची एक्झॉस्ट भोकं कोरडी, तर ऑइल टर्बोतून येतंय. भोकंच ओली असतील, तर व्हॉल्व्हची सीलं किंवा रिंगा तपासा. टर्बो निर्दोष आहे.

टर्बोतूनच येत असेल, तर ऑइल आणणाऱ्या पाइपावरचा चेक व्हॉल्व्ह (ऑइल एकाच दिशेने जाऊ देणारी झडप, असल्यास) काढून धुवा; कचऱ्याचा एक कण अडकला तरी तो उघडा राहतो. मग परतीचा पाइप पाहा. मागच्या कामात कुणी गास्केटला सिलिकॉन फासलं असेल, तर दाबून आत आलेली त्याची पट्टी पाइपाचं तोंड बुजवते. इंजिनचा ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारी नळी) तुंबला किंवा ऑइल खुणेच्या वर भरलं, तरी हेच होतं. हे सगळं ठीक निघालं, तरच शाफ्ट हातात धरून हलवा. आडवी किंचित हालचाल चालते, कारण तो ऑइलच्या थरावर तरंगतो. पण पंख्याची पाती घराला घासत असतील किंवा शाफ्ट मागेपुढे स्पष्ट सरकत असेल, तर मेकॅनिकचं म्हणणं खरं.

प्रश्न : टर्बो बाइक बंद करण्याआधी आयडलवर (पीळ न देता, उभ्याने चालू) ठेवावीच लागते का? आणि मोटारीचं टर्बो ऑइल चालेल का?

उत्तर : बूस्टवर (टर्बोनं कोंबलेल्या हवेच्या जादा दाबावर) पळवून आल्या आल्या इंजिन बंद केलं, की ऑइलचा पुरवठा थांबतो, पण टर्बाइनचं लोखंड तापलेलंच असतं. बेअरिंगमध्ये अडकलेलं ऑइल तिथेच करपतं आणि त्याचा कोळसा पुढे ऑइलची वाट बुजवतो. शेवटचे दोन-तीन किलोमीटर बूस्ट न घेता चालवा, मग एक मिनिट आयडल पुरे. एअर-कूल्ड इंजिन पाच-पाच मिनिटं उभ्याने चालू ठेवू नका; वाऱ्याशिवाय ते उलट तापतं. सकाळीही पहिले पाच किलोमीटर बूस्ट नको.

मोटारीचं ऑइल नको. बहुतेक बाइकचा क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो आणि मोटारीच्या ऑइलमधल्या घर्षण कमी करणाऱ्या मिश्रणानं तो घसरतो. डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए2’ (ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचच्या बाइकसाठीचं जपानी मानक) लिहिलेलं फुल सिंथेटिक घ्या. ग्रेड गाडीच्या पुस्तकाप्रमाणे. दर 3000 किलोमीटरला ऑइल, आणि प्रत्येक वेळी फिल्टरसुद्धा. टर्बो बाइकवर पैसे वाचवायची ही जागा नव्हे.

प्रश्न : कावासाकी एच2 टर्बो आहे ना?

उत्तर : नाही, सुपरचार्जर आहे. त्याचा पंखा एक्झॉस्टच्या वायूवर नाही, क्रँकवरून गिअरनं फिरतो. त्यामुळे टर्बोसारखा उशीर त्यात नाही.

प्रश्न : वळणात ॲक्सिलरेटरला पीळ दिला तर आधी काहीच होत नाही आणि मग गाडी एकदम सुटते. दोनदा थोडक्यात वाचलो.

उत्तर : कृपया हे अंगावर काढू नका. पीळ दिल्यावर टर्बोला वेग घ्यायला क्षण लागतो. तेवढ्यात हात आणखी पीळ देतो आणि सगळी ताकद झुकलेल्या गाडीच्या मागच्या टायरवर एकदम येते. वळणाआधीच गिअर उतरवा, म्हणजे इंजिन फिरतं राहील. वळणात पीळ थोडा पण सतत उघडा ठेवा. गाडी सरळ होऊ लागली, मगच मोठा पीळ. पावसात उलट करा : एक गिअर वरचा ठेवा आणि बूस्टच्या खाली राहा.

उशीर पूर्वीपेक्षा वाढला असेल, तर बहुधा हवा गळत असेल. टर्बो ते इंजिन हा मार्ग एका टोकाला बंद करून 0.5 बार हवा भरा आणि प्रत्येक होजच्या जोडावर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे येतील तिथला क्लॅम्प सैल किंवा होज चिरलेला.

प्रश्न : 1982 ची होंडा सीएक्स500 टर्बो मिळते आहे. काय पाहू?

उत्तर : 497 सीसीतून 82 हॉर्सपॉवर काढणारी ही गाडी त्या काळी चारही जपानी कंपन्यांनी केलेल्या टर्बो प्रयोगांतली पहिली. टर्बोइतकंच लक्ष विजेकडे द्या. अल्टरनेटरचा स्टेटर (वीज तयार करणारी, न फिरणारी तारांची गुंडाळी) इंजिनच्या मागच्या कव्हरात आहे आणि तो बदलायला इंजिन खाली उतरवावं लागतं. गाडी पाहतानाच मीटर लावा : 4000 आरपीएमला बॅटरीवर साधारण 14 व्होल्ट हवेत. स्टेटरच्या तीन पिवळ्या वायरींत दोन-दोनमधला रेझिस्टन्स सारखा हवा आणि कोणतीही वायर अर्थला लागता कामा नये. बूस्ट दाखवणारा काटा हलतो का, तेही चालवून पाहा. काटा हलत नसेल, तर सौदा थांबवा आणि कारण शोधा.

प्रश्न : 600 सीसी, चार सिलिंडर, कॉम्प्रेशन 12:1. टर्बो बसवता येईल?

उत्तर : येईल, पण एवढ्या कॉम्प्रेशनवर 0.3 ते 0.4 बारच्या वर जाऊ नका, तेही जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलवर. त्यापुढे कमी कॉम्प्रेशनचे पिस्टन लागतील. सिलिंडरखाली जाड पट्टी घालायचा मार्ग स्वस्त, पण त्यानं पिस्टन आणि हेडमधली फट वाढते आणि नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून होणारी ठकठक) उलट लवकर येतं.

लोक विसरतात ते पेट्रोलचं प्रेशर. रेलमध्ये (इंजेक्टरना पेट्रोल देणाऱ्या पाइपात) 3 बार आणि मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांत) 0.6 बार बूस्ट, म्हणजे इंजेक्टरला उरले 2.4. नेमकं हवं तेव्हा पेट्रोल कमी! म्हणून बूस्टबरोबर प्रेशर वाढवणारा रेग्युलेटर लावा, बूस्टवर एअर-फ्युएल रेशो (हवा-पेट्रोलचं प्रमाण) 11.5 ते 12 दिसला पाहिजे, आणि इग्निशन मागे घ्या, म्हणजे ठिणगी थोडी उशिरा पडू द्या. टर्बोचं ऑइल सुटायचं तोंड सम्पमधल्या (इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीतल्या) पातळीच्या वर ठेवा, पाइप सरळ उतरता, मध्ये पोट नको. जागा नसेल तर उपसणारा वेगळा पंप लावा. क्लचच्या स्प्रिंगा कडक घाला, नाहीतर पहिल्याच बूस्टवर आरपीएम चढेल आणि गाडी तिथेच राहील.